बरी

बैलहोंगलची शिवलिंगव्वा महिन्यातून एकदा
कडोलीत यायची. डोक्यावर बांगड्यांचा हारा,
काखेत उधारीची वही.
तिला लिहिता येत नव्हतं, मला नुकतं येऊ लागलेलं.
उंबऱ्याशी बसून ती सांगायची, मी उतरवायचो:
पारव्वा, हिरव्या, दोन डझन, सुगीनंतर.
तुळसाक्का, राजवर्खी, एक डझन, अर्धे दिले.
आणि दर ओळीला ती बोट नाचवून म्हणायची,
"बरी, बरी."

मी समजायचो, माझ्या अक्षराला म्हणते.
बरी आहे. वाईट नाही.
त्या भरात मी पदरचंही घालू लागलो:
तुळसाक्का बांगड्या भरताना रडली,
हात दुखला म्हणून नव्हे.
पारव्वा म्हणाली, घरात कळू देऊ नको.
शिवलिंगव्वाला वाचता येत नव्हतं.
असा वाचक मला पुन्हा मिळाला नाही.

दहावीनंतर आयटीआय, आयटीआयनंतर उद्यमबाग.
पहिल्याच पाळीला इराप्पा फोरमनने
अजून ऊन असलेल्या कास्टिंगसमोर उभं केलं,
हातात खडू दिला, हीट नंबर सांगितला
आणि म्हणाला, "बरी."

मी नुसता उभा.
शाळेत कानडी झालेलं, शब्द ओळखीचा होता,
पण उंबऱ्यावरच्या त्या दुपारींशी
कधी कुणी जोडून दाखवला नव्हता.
बरी म्हणजे लिही.
ती कौतुक करत नव्हती,
काम सांगत होती.
"बरियो तम्मा," इराप्पा ओरडला,
आणि माझा सात उलटा पडला.

एकतीस वर्षं लिहितोय.
पंपाच्या, वॉल्व्हच्या, गिअरबॉक्सच्या पाठीवर
पांढरे आकडे. ट्रक भरून पुण्याला जातात,
राजकोटला जातात,
तिथला ग्राइंडर पहिल्यांदा मलाच पुसतो.
इतकं लांब गेलेलं माझं दुसरं लिखाण नाही.

दुसरं लिखाण पहाटे चारला.
भट्टी पुढच्या ओतकामाला तापेपर्यंत
वीस-पंचवीस मिनिटं असतात.
पोरं चहाला जातात, मी वाळू तपासायच्या खोलीत,
ओल मोजायच्या तराजूशेजारी वही उघडून.
एक गोष्ट आठ महिने चालली आहे.
तिच्यातली बाई अजून खानापूर स्टँडवरच उभी,
कारण मधे ऑडिट आलं,
मग मुलीची बारावी,
मग माझा गुडघा.
वैजू म्हणते, "काय लिहूलाय ओ सारखं, कोण वाचणाराय?"
म्हणते, आणि वहीला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून देते,
बोटांचे काळे ठसे दिसू नयेत म्हणून.

गावच्या साहित्य संमेलनात मी दरवर्षी खुर्च्या लावतो.
पाहुण्यांचे बिल्लेही मीच लिहितो,
अक्षर बरं आहे म्हणतात.
यंदा एका कवीची गाडी चंदगडच्या अलीकडे बंद पडली
आणि कुणीतरी माईकवरून पुकारलं,
"आपले फाउंड्रीतले भैरूअण्णा काहीतरी लिहितात वाटतं..."
वही खिशात होती.
उठलो नाही.
खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता,
त्याखाली कागद घडी करून घालत बसलो.
कोरा कागद. तेवढी शुद्ध होती.

उठलो नाही, हे लिहायला पुढे तीन पहाटा गेल्या.
खोडलं, पुन्हा लिहिलं.
आता त्यात खुर्ची आहे, पाय आहे,
मी अजून नीट येत नाही.

शिवलिंगव्वा शेवटची आली तेव्हा
वही आमच्याकडेच विसरली,
की ठेवून गेली, कोण जाणे.
मागची सोळा पानं कोरी होती.
माझी पहिली गोष्ट तिथे आहे. वाईट आहे.
पण तिच्या आधीची पानं मी अजून काढून वाचतो,
पारव्वाचे दोन डझन, तुळसाक्काचे अर्धे,
सुगी होऊन किती वर्षं झाली,
येणे तसंच आहे.

भोंगा झाला.
वाळूची ओल लिहायची राहिली.
बाई स्टँडवर.