पाणी लांब ठेव

पहाटे साडेपाचला पोस्टातून फोन येईल.
पलीकडे लिनेट असेल, ती बोलणार काहीच नाही,
नुसता रिसीव्हर खोक्यापाशी धरेल.
पंधरा चोची एकदम. तेवढ्यावर ओळखायचं.

तू विचारलंस, कुठली जात मागवू?
सरळ उत्तर असतं तर मी दोन वह्या भरल्या नसत्या.

कॉर्निश क्रॉस. पांढरी. मांसासाठीच घडवलेली.
आठ आठवड्यांत सहा पौंड,
पौंडभर अंग धरायला दोन-सव्वादोन पौंड दाणा.
याहून स्वस्त मांस अरूस्टुक काउंटीत हवं
तर ट्रकखाली आलेला मूस शोध.
पण आपण पक्षी आहोत
हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.
दाण्यापुढे बसते, बसल्या बसल्या खाते,
छातीखालची पिसं झडून कातडी लालभडक,
आणि जुलैतल्या एखाद्या कोंदट दुपारी
काही न होता उताणी.
काळीज पुरत नाही गं. शब्दशः.
अंग पुढे पळतं, काळीज मागे राहतं.

म्हणून रात्री दाणा उचलायचा
आणि पाणी लांब ठेवायचं.
वीस पावलं, चढावर.
चालल्या तर जगतात.
माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरनं
तीनशे डॉलर घेऊन वेगळं काय सांगितलं?

फ्रीडम रेंजर तांबडी. अकरा आठवडे, कधी बारा.
ही मात्र कोंबडी आहे. टोळामागे धावते,
कुंपणाखालून मिशॉडच्या बटाट्यात शिरते,
मग मिशॉडचा फोन.
छाती अरुंद, मांड्या भरलेल्या, चरबी पिवळी,
दाणा पौंडाला तीन.
चवीचं म्हणशील, तर थांब.

तिसरी ओनेझिम सीरची.
डार्क कॉर्निश, काळी, पाठीवर मोरपंखी झाक,
पांढरीच्याच घराण्यातली, खापरपणजी म्हण.
वीस आठवडे पोसायची
आणि सोलल्यावर हातात येते एक मूठ स्वाभिमान.
ओनेझिम म्हणायचा, जिभेला कळतं.
बाकी सगळं पाणी आणि पिसं.

एका ऑक्टोबरात मी तिन्ही शिजवल्या,
तीन पातेली, एकच मीठ, एकच कांदा,
सोबत बकव्हीटच्या प्लॉयची चळत.
वाडगे त्याच्यापुढे ठेवले, नावं न सांगता.
दुसऱ्या वाडग्याशी त्याने डोळे मिटले.
बराच वेळ चावत राहिला.
हीच माझी, म्हणाला. आईच्या स्वयंपाकघरातली.

दुसऱ्या वाडग्यात पांढरी होती.
आठ आठवड्यांची, पोस्टातून आलेली.

वहीत मी खरं लिहिलं.
त्याला म्हटलं, तुझी जीभ काही चुकत नाही.
दोन प्लॉय खिशात घालून तो घरी गेला,
ताठ चालत, काठी नुसती हातात धरून.

आता तो कॅरिबूच्या वृद्धाश्रमात आहे.
रविवारी विचारतो, माझ्या काळ्या बऱ्या आहेत ना?
बऱ्या आहेत. माझ्याच अंगणात आहेत.
खाण्यासाठी त्यांना मी हात लावत नाही,
वीस आठवड्यांचा हिशेब बसतच नाही.

पण मे महिन्यात त्यातली एक खुडूक बसली.
लाकडाच्या अंड्यांवर, वेड्यासारखी, तीन आठवडे.
रात्री टॉर्चवर रुमाल टाकून
मी तिच्याखाली पोस्टातली पिल्लं सरकवली, एकेक, बारा.
सकाळी तिनं मोजली नाहीत. रंगही पाहिला नाही.
दोन दिवसांत उठली, एक आवाज काढला
आणि चढ चढायला लागली.
बारा पिवळे गोळे मागे,
ज्यांना बसूनच राहायचं होतं ते.
जुलै आला, गेला. एक दगावलं.
मागच्या साली दिव्याखाली वाढवलेली पाच गेली होती.

तेव्हा पांढरीच मागव. पंधराच्या खाली ते पाठवत नाहीत,
बारा तिच्याखाली, तीन दिव्याखाली.
काळी माझ्याकडून घेऊन जा.
येताना भोकं पाडलेलं खोकं आण, झाकण घट्ट असलेलं.
चावते.
आणि रविवारी कॅरिबूला आलीस माझ्याबरोबर,
तर त्या वाडग्याबद्दल तुला काही माहीत नाही.