अंगठा

एकोणीसच्या पुरात माझं कपाट गेलं.
चिमटे लावून दोरीवर घातलेली पुस्तकं
भाकरीसारखी फुगली, तरी वाचता आली.
त्यातलं एक हरिपूरच्या राजमती मगदूमकडं आहे अजून,
चिखलासकट. मागितलं नाही.

मग पोरानं टॅब आणला:
"आता कृष्णा माजघरात आली तरी पुस्तकं कोरडी."
एकतीस घेतली. पैसे मोजून.

राजमती म्हणाली, ते नवीन दे की वाचायला.
पाठवलं. तिच्या फोनवर नुसतं कुलूप पोचलं:
हे पुस्तक दुसऱ्या उपकरणावर उघडता येणार नाही.
विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं,
ते बारीक अक्षरातलं तेव्हा वाचलं.

आता मंगळवारी दुपारी
पिशवीत टॅब, चार्जर, पावशेर खाऱ्या शेंगा घेऊन
मी रिक्षानं हरिपूरला जाते.
पुस्तकासोबत मीच उसनी.
ती वाचते, मी शेंगा फोडते.
एखाद्या पानावर ती रेंगाळली की पडदा काळा होतो,
वर न बघता ती टॅब पुढं करते,
मी अंगठा टेकवते.
मीठ लागलेलं असलं तर ओळख पटत नाही.
पदराला पुसून पुन्हा.

माझी आई तासगावात, रात्रीच्या वर्गात,
चाळिशी उलटल्यावर सही शिकली,
कंट्रोलच्या वहीत अंगठा नको म्हणून.
हौसाबाईतला हौ गिरवताना
पाटीवरची पेन्सिल मोडायची.

सत्तावन्न पानं झालीत.
राजमती सावकाश वाचते.
आटप, असं मी अजून म्हटलेलं नाही.