वेढे मोजताना

मार्च सरत आला की गोळीबार चौकात
कूलरच्या जळक्या मोटारींचा ढीग लागतो.
नंदनवार काका एक माझ्याकडे सरकवतात :
"भर. कॉइलला तीनशे वेढे."

मी मोजतो. एकशे बारा, एकशे तेरा...
दोनशेच्या पुढे कुठेतरी
तोंड आकडे म्हणत राहतं,
मी मात्र तिथे नसतो.

पहिली मोटार सुरू करताच धूर.
काका रागावले नाहीत. म्हणाले,
"तार काय पाहून राहिला? मोजणारा पाह्य.
कुठं सुटला, लिहून ठेव."

मग वही. जुन्या कॅलेंडरची, पाठकोरी.
१८४ : तर्रीपोहेवाला ओरडला.
२१० : ताईची फी.
९६ : माहीत नाही.
'माहीत नाही' सगळ्यात जास्त.

महिन्यानं पानं ओळीनं लावली.
हॉर्न, भांडणं, चव्वेचाळीसचं ऊन,
यांनी फारसं चुकवलंच नव्हतं मला.
चुकलो होतो तो बहुतेकदा
'आता जमलं' वाटल्यावर, लगेच.

आता दर पन्नास वेढ्यांनी हात थांबवतो,
विचारतो : हायेस न बे?
कधी उत्तर येतं.
नाही आलं, तर पन्नास उलगडतो.
तांबं कुरकुरतं, बोटं काळी होतात.

काका पूर्वी मागावर बसायचे,
धागे मोजण्यात त्यांचा जन्म गेला.
काल त्यांनी वही मागितली, चाळली,
माझ्या कानावरची पेन्सिल काढून
खाली, वाकड्या अक्षरात लिहिलं :

आज २६७. माय आठवली.