जावक क्रमांक

जिंतूरच्या ठाण्यात नोटिसा मी टाइप करतो.
मसुदा तयारच असतो, गेल्या श्रावणापासून.

त्या श्रावणात एक क्लिप आली होती,
पोरं पळवणारी टोळी, पांढरी गाडी, रडणारी बाई.
बाई कोणत्या मुलखाची, तिची भाषासुद्धा कळेना कुणाला.
घोंगड्या विकणारा मात्र बरोबर ओळखला सगळ्यांनी
बाजारतळावर.
पंचनाम्यात मी लिहिलं :
घोंगड्या नऊ. चप्पल एक.
दुसरीसाठी नालीत काठी घालून पाहिली.
त्याचं नाव रामण्णा, हे तिसऱ्या दिवशी समजलं.
ज्यानं क्लिप पुढं ढकलली तो पोरगा म्हणाला,
मला खरीच वाटली, साहेब.

त्या रात्री जागून मसुदा केला :
'असत्य, अपुष्ट वा घबराट निर्माण करणारा मजकूर'.
'वा' टाकला तेव्हा बरं वाटलं.
कुणालाच निसटायला भोक नको.

आज त्याच फायलीत फक्त नाव बदललं.
संघमित्रा वाव्हळे, व्यवसाय शिवणकाम.
तिनं टाकलाय तांब्याचा फोटो, तळाशी आळ्या,
खाली एक ओळ :
हे नळाचं हाय. टाकी कोणी धुवायलंय का?
पालिकेचा अर्ज आला दुपारच्या आत.
असत्य? तपासलं नाही.
अपुष्ट? पुष्टी द्यायची पालिकेनंच.
घबराट? झाली की. मलाही झाली.
एवढ्यावर भागतं. 'वा' आहे ना.

काल जबाबाला आली होती.
म्हणाली, यातलं खोटं कोणतं तेवढं दाखवा,
आत्ता काढते.
मी तिला सही कुठं करायची ते दाखवलं.

घरी नळाला बायकोनं धोतराचं फडकं बांधलंय.
एकेरी होतं तेव्हा आळ्या यायच्या.
चौपदरी केलं तर धारच लागेना,
अर्धा हंडा भरेस्तोवर पाणी जायचं.
आता दुहेरी. तेही रोज सोडते,
उजेडाकडं धरून बघते,
पिळते, परत बांधते.
सात वर्षं झाली, तिचं हे काम संपलं नाही.

'वा' पुसला. 'आणि' लिहिलं.
मग तो पोरगा सुटतो.
'आणि' पुसलं.
नालीत चप्पल अजून असेल.

कर्सर लुकलुकतोय मोकळ्या जागेत.
आतून साहेबांचा आवाज :
जावक क्रमांक पडला का वाव्हळेबाईला?

टाकायलोय, म्हणालो.