पागुमेची तीन

अदिस अबाबा. सकाळचे दोन.
इथे दिवस उजाडला की मग घड्याळ मोजू लागतं.
वकिलातीच्या फाटकाशी वर्कनेह
लोकांचे पट्टे ट्रेमध्ये ठेवतो,
किल्ल्या, फोन, कुणाची मधाची बरणी.

रांगेत गेबेयेहू मास्तर.
सातवीत याच्या खिशातल्या गोट्या
त्यांनीच काढून घेतल्या होत्या.
"हात वर करा, सर."
मास्तर करतात.
खिशात खडूचा तुकडा.

आत काचेवर बोटं उमटत नाहीत,
चाळीस वर्षांच्या खडूनं रेघा खाल्ल्या.
जन्मतारीख?
"पागुमेची तीन."
तेरावा महिना. यादीत बाराच.
जुन्या दाखल्यांवर ज्यानं त्यानं आपापला हिशोब मांडलेला:
तीन कागद, तीन तारखा.
यंत्र म्हणतं, माणसं तीन.
अधिक तपासणी. मुदत नाही.
डेन्व्हरला मुलीचे दिवस भरत आलेत,
तिथे मात्र मुदत आहे.

बाहेर वर्कनेह ट्रे पुढे करतो.
पट्टा, चष्म्याचं घर,
आणि खडू, स्वतःच्या रुमालात गुंडाळलेला.
मास्तर पट्टा बांधतात, एक भोक चुकतं,
पुन्हा बांधतात.
"तुझ्या गोट्या," ते म्हणतात,
"आहेत अजून माझ्याकडे.
सतरा.
एक फुटकी."