भत्ता, रोज एकशेवीस

तीन महिन्यांसाठी सोलापूरला धाडलं,
भत्ता रोज एकशेवीस.
लॉजचा मॅनेजर म्हणाला, साहेब, स्टेशनसमोर बसा,
पंख्याखाली. थाळी दोनशेची.
पहिला आठवडा सकाळी चहावर गेला,
रात्री केळ्यांवर.

रिक्षावाल्याला विचारलं, चांगलं कुठं मिळतं?
त्यानं आणून सोडलं
पुन्हा त्याच पंख्याखाली.
दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला :
तू कुठं जेवतोस बे?
त्या 'बे'वर त्यानं मान वळवून बघितलं,
हसला, आणि रिक्षा गल्लीत घातली.

कन्ना चौकामागं इरण्णाचा गाडा.
लोक ओरडत होते,
दोन सुशीला! एक सुशीला, तिखट!
मी चिपळूणचा माणूस,
बाकड्यावरून दचकून उठलो.
भिजवून पिळलेले चुरमुरे, फोडणी, वर डाळ्यांचं कूट,
पंधरा रुपयांत कागदावर
सुशीला आली.

मग हाव सुटली.
विजापूर वेशीत मैनोद्दीनचाचांच्या सळया,
तिथं आधी धूर दिसतो, नंतर दुकान.
बाळीवेशीतली खानावळ,
पुंडीपल्ल्या, शेंगाचटणी, दह्याचा गोळा,
आणि कडक भाकरी मोडणारे तीस जण,
कट् कट् कट्,
डोळे मिटले तर वाटावं मागावर धोटा पळतोय.
वहीत पत्ते लिहीत गेलो.
पडक्या चिमणीच्या डावीकडं, असं लिहिलं होतं एक.
पुढच्या खेपेला चिमणी नव्हती,
डावीकडं मात्र होतं.

बालामणीची पाटी कुठंच नाही.
साखर पेठेतला बोळ, हिरवं दार,
दाराशी चपला दिसल्या की चालू समजायचं.
पहाटे साडेपाचला रात्रपाळी सुटते,
माणसं येतात भुवयांवर कापूस घेऊन,
भिंतीला टेकून बसतात, बोलत नाहीत.
भात, त्यावर आंबट पच्चिपुलुसु,
कांदा कच्चाच.
वीस रुपये.

भाताचं माप म्हणजे ॲल्युमिनियमचा मग,
कान तुटलेला, तळ चेपलेला.
मग ओतून झाला की तिचा हात परत पातेल्यात जाई,
वर एक मूठ, कधी दोन,
ती मूठ कशी ठरते ते मला कळलं नाही.
जो तो ताटावर पंजा धरून म्हणे, चालु, चालु.
आधी वाटलं, दुकान चालू आहे म्हणतात.
तेलुगूत ते 'पुरे'.
माझा तेवढाच शब्द. रोज वापरला.

काय करता, असं तिनं एकदाच विचारलं होतं.
ऑफिसात असतो, म्हणालो.
वजनमापे निरीक्षक म्हटलं की
बाजारात चहाचे पैसे कुणी घेत नाही,
आणि चहाही मग चहासारखा लागत नाही.

एका पहाटे मंगळवार बाजारातली तपासणी होती.
थेट तिथूनच जाऊ म्हणून
पिशवी खांद्याला घेऊन आलो.
बसताना शिशाची सीलं खुळखुळली.
कोपऱ्यातला एक जण तिला तेलुगूत काही बोलला.
तिनं पिशवीकडं बघितलं, मगाकडं बघितलं.
मग भरला.
उलथन्याच्या पातीनं वरचा भात
काठाबरोबर सपाट केला.
ताटात ओतला.
हात परत पातेल्यात गेला नाही.

सांगायचं होतं,
शिजल्या भाताला कलम लागत नाही बाई,
तुमचा मग माझ्या वहीत येत नाही.
पण हे सांगायला माझ्याकडं तेलुगू नव्हतं,
आणि मराठीही त्या वेळी नव्हतं.
पच्चिपुलुसु तसंच आंबट.
त्या दिवशी मला 'चालु' म्हणावंच लागलं नाही.

माझ्या जागी आता वाघचौरे आलाय.
काल फोन होता, भत्ता वाढला नाही म्हणाला,
स्वस्तात कुठं बसायचं?
सांगितलं त्याला, इरण्णा, चाचा, बाळीवेस.
मग थांबून, हिरवं दार.
चपला मोज, दहाच्या वर असल्या की आत जा.
पिशवी लॉजवर ठेव.
आणि लगेच चालु म्हणू नकोस.