बूच

पौषातली थंडी. पानशेतहून आणलेली होडी
पार्किंगमध्ये, चौदा नंबरच्या जागेत,
दोन जुन्या टायरांवर तिरकी निजलेली.
उन्हं तापेपर्यंत इथंच.

दर रविवारी ताडपत्रीच्या गाठी सोडतो,
साचलेलं दव फडक्यानं टिपतो,
वल्ह्यांच्या कड्यांना तेल.
इंजिन केव्हाच कॉटखाली गेलंय.
बुडाचं बूच हिनं मोहरीच्या डब्यात टाकलंय,
म्हणजे हरवणार नाही म्हणे.

टिपणीस जिन्यावरूनच विचारतात,
विकताय का एकदाची?
बघू, म्हणतो.

आज आत मांजर व्यालेलं.
तीन पिल्लं, नारिंगी लाइफ जॅकेटवर,
डोळे अजून मिटलेले.
तेल तसंच राहिलं.
ताडपत्री हलकेच ओढून घेतली,
एक कोपरा उघडा ठेवून.

वर आलो, तर फोडणीची घाई.
डब्यात चमचा
बुचाला लागल्याचा आवाज.